आईच्या उशाशी फोन न्यायचा तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ७८ वर्षांच्या, कराडच्या जुन्या घरात एकट्या राहतात. फोन सोप्यात, दाराजवळच्या कोनाड्यात. त्या मात्र दिवसभर स्वयंपाकघरात, नाहीतर मागच्या खोलीत. गेल्या महिन्यात बेल वाजली म्हणून लगबगीनं निघाल्या आणि माजघराच्या उंबऱ्याला अडखळल्या. गुडघा सोलवटला, हाड वाचलं. मोबाइल देऊन झाला, पण तो चार्जिंगला लावायचा राहतो आणि स्क्रीनवर बोट भलतीकडे गेलं की फोन कट होतो. लँडलाइन गेल्या वर्षी तांब्याच्या तारेवरून फायबरवर आली. आता मागच्या खोलीत एक्स्टेंशन ओढावं की कॉर्डलेस घ्यावा, आणि हे काम तुम्हाला स्वतः करता येईल का?

मी ३१ वर्षं याच कामात होतो, आधी लाइनमन, मग फोन मेकॅनिक. २०२०च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून जे ७८ हजारांच्या आसपास लोक व्हीआरएस घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले, त्यांतला मी एक. आता ओळखीपाळखीत किरकोळ कामं करतो. त्यांतली निम्मी तुमच्यासारखीच असतात.

फोन लांब आहे, ही तक्रार मी कितीतरी घरांत ऐकली. घरात जाऊन तासभर बसलं की दिसतं, की खरा घात बेल करते. आपल्याकडची बेल ट्रिंग-ट्रिंग वाजते आणि मग दोन सेकंद थांबते, म्हणजे एक फेरी तीन सेकंदांची. दहा फेऱ्या झाल्या की अर्धा मिनिट संपला. तुम्हाआम्हाला तेवढा वेळ पुष्कळ. दुखऱ्या गुडघ्यांनी खुर्चीतून उठण्यातच त्यातले दहा-बारा सेकंद जातात, उरलेल्या वेळात दोन खोल्या आणि एक उंबरा पार करायचा. त्यात ही पिढी ट्रंककॉल बुक करून तास-तासभर वाट बघत बसलेली. वाजणारा फोन सोडून द्यायचा, हे तिच्या अंगातच नाही. ‘पळू नकोस गं’ असं तुम्ही शंभरदा सांगाल, आणि बेल वाजली की पाय उचललेच. तेव्हा आई जिथे बसलेल्या असतात तिथून हात लांब केला की रिसीव्हर मिळाला पाहिजे, एवढं एकच माप धरा. तार, कॉर्डलेस, रोझेट (फोनची तार जोडायची भिंतीवरची डबी) हे सगळं त्याच्यानंतर.

म्हणून कराडला गेलात की पहिल्या दिवशी तारेला हात लावू नका. आई सकाळी कुठे असतात, दुपारी कुठे आडव्या होतात, रात्री कुठल्या कुशीवर झोपतात, ते बघा. हे मी एक चूक करून शिकलो. एका घरी मुलाच्या सांगण्यावरून पलंगाच्या डाव्या हाताला पॉइंट काढून दिला. वडिलांना पॅरालिसिस होऊन गेलेला आणि नेमकं डावं अंगच लुळं. बिचारे प्रत्येक वेळी सगळं शरीर वळवून उजवा हात पलीकडे न्यायचे. मुलगा पुण्याचा, त्याच्या ध्यानात आलं नाही. मी समोर उभा असून मीही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात जाऊन पॉइंट दुसऱ्या बाजूला घेतला. तेव्हापासून आधी दोन गोष्टी विचारतो: कुठला हात चालतो आणि कुठल्या कानानं बरं ऐकू येतं.

उशाचा फोन गादीच्या उंचीला ठेवा, पण स्टुलावर नको. रात्री चाचपडताना स्टूल सरकतं आणि फोन खाली जातो. भिंतीत ठोकलेली छोटी फळी बरी. आणखी एक सांगतो, त्याला लोक हसतात. दुसरा एक भिंतीवरचा फोन न्हाणीघराच्या दाराबाहेर, जमिनीपासून दीड फुटावर लावा. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठता येत नसलं तरी पुष्कळदा सरकता येतं, आणि चार फुटांवर टांगलेला फोन त्याला नुसता दिसतो. आत, पाणी उडेल तिथे मात्र फोन नको. सुट्टीत नातवंडं आली की ती या खालच्या फोनशी खेळणार, हा त्याचा तोटा. त्याबद्दल पुढे बोलतोच.

आता फायबरनं काय बदललं ते बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दहा वर्षांपूर्वी मी वेगळं दिलं असतं.

तांब्याच्या लाइनला वीज घरातून लागतच नव्हती. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असायची, दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीनं जोडलेले, त्यांचे ४८ व्होल्ट खांबावरून थेट तुमच्या कोनाड्यापर्यंत यायचे. गावातली लाइट गेली तरी फोन चालू राहायचा, तो त्या खोलीच्या जिवावर. फायबर म्हणजे काच, तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. आता तुमच्या घरातला ओएनटी, म्हणजे दिवे लुकलुकणारा तो डबा, हाच तुमचा एक्स्चेंज. फोनला लागणारे व्होल्ट तोच तयार करतो, बेलही तोच वाजवतो. याचे तुमच्या दृष्टीनं तीन परिणाम.

पहिला सोयीचा. ओएनटीच्या मागे फोनचं पोर्ट असतं, त्यावर ‘टेल’, ‘फोन’ किंवा ‘पॉट्स’ असं लिहिलेलं असतं. तिथून पुढची घरातली तार तुमची. पूर्वीसारखीच दोन तारांची जोडी, त्यामुळे एक्स्टेंशनही पूर्वीसारखंच निघतं. काही डब्यांना अशी दोन पोर्टं असतात, पण बहुतेक वेळा एकच चालू केलेलं असतं. डायल टोन येतो ते तुमचं.

दुसरा असा, की या डब्याची ताकद एक्स्चेंजएवढी नाही. बेल वाजवायला साधारण ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ वेळा उलटसुलट होणारा करंट लागतो आणि प्रत्येक फोन त्यातला आपला वाटा घेतो. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक बेलचे दोन-तीन फोन आरामात वाजतात. तुमच्याकडे माळ्यावर आजोबांचा काळा, खऱ्या घंटेचा फोन असेल तर तो एकटाच दोन-तीन फोनांचं खातो. शिवाय बोटानं फिरवायच्या चकतीचे आकडे अनेक ओएनटींना कळतच नाहीत. तो शोकेसमध्ये ठेवा.

तिसरा परिणाम विजेचा. लाइट गेली की फोन गेला. त्याच्याकडे नंतर येतो.

मग तार की कॉर्डलेस? तुमच्या वर्णनावरून सांगतो: मागच्या खोलीत तारेचा फोन लावाच, स्वयंपाकघरासाठी वाटलं तर कॉर्डलेस घ्या. एकटा कॉर्डलेस मी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कधी सुचवत नाही. हँडसेट बोलून झाल्यावर भाजीच्या टोपलीत राहतो, पदराखाली जातो, अंथरुणात गुंडाळला जातो. बेल वाजली की धावाधाव पुन्हा सुरू, यावेळी शोधण्यासाठी. बेसला वेगळी वीज लागते ती लागतेच. हँडसेटमधले रिचार्जेबल सेल दोनेक वर्षांत थकतात. कोणीतरी दुकानातून साधे सेल आणून घालतो, आणि साधे सेल चार्ज होऊ लागले तर फुगतात, गळतात. खोक्यावर लिहिलेली रेंजही तुमच्या घरात मिळणार नाही. मोकळ्या मैदानातली ती रेंज, दीड-दोन फुटी दगडी भिंती तिला विचारत नाहीत. विकत घेण्याआधी कोणाचा तरी उसना आणून मागच्या खोलीत आणि परसदारी लावून बघा.

ज्यांच्या घरात सून, मुलगा, कोणीतरी असतं, तिथे कॉर्डलेस छान चालतो. हरवला तर शोधणारं माणूस असतं. तुमच्याकडे ते नाही, म्हणून माझा कल तारेकडे.

आता काम. स्वतः करता येईल का म्हणाल, तर येईल. भिंतीला भोक पाडता येत असेल आणि दोन स्क्रू आवळता येत असतील तर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. फक्त सुरुवात योग्य जागी करा, आणि ती जागा म्हणजे जुनी लाइन.

फायबर जोडून जाताना खांबावरून आलेली जुनी ड्रॉप वायर पुष्कळदा तशीच राहते. घरातल्या जुन्या रोझेटमध्ये तिची जोडी अजून आवळलेली असते. तुम्ही ओएनटीतून एक तार काढून त्या रोझेटला दिलीत की घरातले जुने पॉइंट जिवंत होतात, म्हणून आनंद होतो. पण त्याच वेळी ओएनटीचा करंट बाहेर खांबावर, तिथून डीपीच्या, म्हणजे आसपासच्या लाइनी जिथून वाटल्या जातात त्या पेटीत, ओल लागलेल्या जुन्या केबलमध्ये जाऊन बसतो. मग खरखर येते, पावसात फोन डेड होतो, किंवा बेल एकदा ‘ट्रिं’ करून तुटते, कारण ओलीतून गळणारा करंट बघून डब्याला वाटतं, कोणी रिसीव्हर उचलला. ‘फायबर भिकार आहे’ म्हणून ओरडणाऱ्या तीन-चार घरांत तरी मला हीच जोडी सापडली. तेव्हा बाहेरून येणाऱ्या जोडीचे ते दोन स्क्रू आधी सोडवा, दोन्ही टोकं वेगवेगळी टेपमध्ये गुंडाळा, आणि मगच पुढे जा.

तार घेताना निव्वळ तांब्याची, अर्ध्या मिलिमीटरची टेलिफोन केबल मागा. ती मिळाली नाही तर इंटरनेटची कॅट-५ई केबल घ्या आणि तिच्यातली निळी जोडी वापरा. बाकीच्या तीन जोड्या पुढे कधीतरी कामाला येतील. स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती स्क्रूखाली चेपते, तुटते आणि वर्षभरानं खरखर सुरू होते. ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा. लांबीची काळजी करू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या जोडीचा विरोध जाऊन-येऊन किलोमीटरला १६८ ओहमच्या आसपास, म्हणजे तुमच्या ३० मीटरला जेमतेम ५ ओहम. आम्ही याच तारेवर तीन-तीन किलोमीटर फोन चालवले आहेत.

ओएनटीतून आलेली जोडी सोप्यातल्या रोझेटमध्ये, आणि त्याच दोन स्क्रूंवरून पुढे मागच्या खोलीच्या रोझेटमध्ये. यालाच पॅरलल एक्स्टेंशन म्हणतात, त्यात दुसरं गुपित काही नाही. तारेचे रंग दोन्हीकडे सारखे ठेवा. उलटसुलट झाले तरी आजचे फोन चालतात, पण पुढे दोष शोधणाऱ्याला त्रास होतो. मध्ये कुठे पीळ मारून जोड देऊ नका, अखंड तार न्या. लाइटच्या वायरिंगच्या पाइपातून ही तार कधीही ओढायची नाही. शेजारून न्यावी लागली तर वीतभर अंतर ठेवा. आणि तार जमिनीवरून, चटईखालून किंवा उंबऱ्यावरून नको! उंबऱ्याला अडखळल्या म्हणून आपण हे करतो आहोत. चौकटीच्या वरून केसिंग पट्टीत न्या, नाहीतर सरळ भिंतीला भोक पाडा. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत ड्रिल तिरकं जातं आणि पलीकडे भलतीकडेच निघतं, तेव्हा आधी दोन्ही बाजूंनी माप घ्या. काम करताना ओएनटीमधला फोनचा प्लग काढून ठेवा. ४८ व्होल्ट जाणवत नाहीत, पण बोटं स्क्रूवर असताना कोणी फोन केला तर बेलचा झटका चांगला बसतो. शिडीवर असलात तर तेवढं पुरे आहे.

झालं की मोबाइलवरून घरचा नंबर लावा आणि दोन्ही फोन वाजतात का ऐका. मल्टीमीटर असेल तर रिसीव्हर ठेवलेला असताना रोझेटवर ४० ते ५० व्होल्टच्या दरम्यान दिसतील, उचलला की ते दहाच्या आसपास किंवा खाली येतात. दोन्ही फोन ठेवलेले असूनही कमी दिसले तर कुठेतरी तार चिकटली आहे.

पॅरलल एक्स्टेंशनचा मोठा दोष आता. एका फोनचा रिसीव्हर नीट बसला नाही की सगळं घर एंगेज. एका आजोबांच्या मुलानं परगावाहून मला रात्री साडेनऊला फोन केला, ‘सकाळपासून बाबांचा नंबर एंगेज आहे, जरा जाऊन बघा.’ घाबरतच गेलो. आजोबा जेवून पान जमवत होते. उशीचं टोक क्रॅडलवर, म्हणजे रिसीव्हर ठेवायच्या खाचेवर आलेलं, रिसीव्हर अर्धा इंच वर. मुलगा तिकडे दिवसभर जीव मुठीत धरून. त्यामुळे उशाचा फोन निवडताना क्रॅडल खोल असलेला घ्या, रिसीव्हर ठेवला की आपोआप खाचेत बसला पाहिजे. खालच्या भिंतीवरच्या फोनला तर हे फारच महत्त्वाचं. आणि शेजारच्या एका घराचा नंबर तुमच्याकडे, किल्ली त्यांच्याकडे असू द्या.

फोनमध्ये बाकी काय बघायचं? बटणं मोठी, आकडे ठळक. बेल वाजताना लुकलुकणारा दिवा. आवाज वाढवायची पट्टी रिसीव्हरवर किंवा बाजूला. श्रवणयंत्र असेल तर ते लावून दुकानातच बोलून बघा, काही फोनांबरोबर शीळ वाजते. बेलचा आवाज मोठा म्हणजे चांगला असं नाही. म्हातारपणी बारीक, किणकिणता आवाज आधी ऐकू येईनासा होतो, जाड आवाजाची बेल बरी. आणि एका दाबात नंबर लागणारी मेमरीची तीन-चार बटणं हवीतच. तिथे तुमचा, बहिणीचा, शेजाऱ्यांचा नंबर भरा आणि वर नाव किंवा फोटो चिकटवा.

नंबर भरताना एक गफलत सर्रास होते. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. लोक मेमरीत दहा आकडे भरतात, आई बटण दाबते, पलीकडून बाई काहीतरी बोलते आणि आई म्हणते फोन बिघडला. शून्यासकट अकरा आकडे भरा, आणि तिथेच आईंच्या हातानं एकदा लावून बघा. एका बटणावर ११२ भरा. १०८ची अॅम्ब्युलन्स माहीत असतेच, तरी दोन्ही आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पत्त्यासकट. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही. काही फोनांची मेमरी आतल्या पेन्सिल सेलवर टिकते. दिवाळीला गेलात की सेल बदलायचे, असं ठरवून टाका.

आता विजेचं. ओएनटीला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. आधी ओएनटीच्या अॅडॉप्टरवर काय लिहिलं आहे ते वाचा, किती व्होल्ट, किती अँपिअर; यूपीएस तेवढे देणारा हवा आणि पिन तीच बसायला हवी. किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा. आत २००० एमएएचचे तीन सेल असतील तर सुमारे २२ वॅट-तास झाले. ओएनटी आठ-नऊ वॅट खातो, थोडं वाया जातं, म्हणजे दोन तासांच्या आसपास. दुकानदार ‘चार तास आरामात’ म्हणेल. तुमच्याकडे वळवात लाइट किती वेळ जाते त्यावर मोठा घ्यायचा की नाही ठरवा. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग त्याच्या लाइनवर घेतला की झालं, वेगळा खर्चच नको. एवढं करूनही बाहेर फायबर तुटली तर फोन बंदच. म्हणून आईंना दिलेला तो मोबाइल टाकून देऊ नका. चार्जरसकट उशाच्या फळीवर कायमचा लावून ठेवा.

उशाशी फोन आला की फसवणूकवाल्यांचेही फोन उशाशी येतात. ‘पोलिसातून बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे’ असा फोन आला की काही न बोलता ठेवून द्यायचा आणि तुमचं बटण दाबायचं, एवढं आईंना घोकून ठेवायला सांगा. पैसे गेलेच तर तक्रारीचा नंबर १९३०.

तुम्हा भावंडांचंही एक काम आहे. फोन केला आणि उचलला नाही तर लगेच पाच-पाच वेळा लावत बसू नका, त्यानंच त्या पळतात. पहिल्यांदा पूर्ण वाजू द्या, ठेवा, पाच मिनिटांनी पुन्हा लावा. ही पद्धत आईंना आधी सांगून ठेवलीत तर पहिली बेल त्या बसल्या जागी सोडून देतील. महिनाभर लागेल सवय व्हायला.

गेलात की आधी सोप्यातल्या रोझेटचं झाकण उघडून एक फोटो काढा, आणि ओएनटीच्या मागच्या बाजूचा दुसरा. बाहेरची जोडी कुठली, घरातली कुठली, ते फोटोवरून सांगता येईल. तोवर कुठलाही स्क्रू सोडू नका.